ध्यान, आरोग्य आणि पुरावा : काही संशोधनांचे परीक्षण

वर्षावासाच्या काळात विहाराविहारांतून जी प्रवचने होतात, त्यांत गेल्या काही वर्षांपासून एक विधान हटकून ऐकावयास मिळते. ध्यानाने रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात येते, मेंदूची वाढ होते आणि हे सर्व पाश्चात्त्य विज्ञानाने आता सिद्ध केले आहे, असे ते विधान होय. श्रोतृवर्गास ते ऐकून समाधान वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाने स्वीकारलेला धम्म प्रयोगशाळेच्या कसोटीसही उतरतो, ही भावना सुखावणारी आहे. परंतु सुखावणारे विधान खरे असतेच असे नाही. आणि हे सांगण्याची पहिली जबाबदारी धम्माच्या अभ्यासकांवरच येते.

ही जबाबदारी आम्ही स्वतः पाळली नव्हती, हे प्रथम नमूद केले पाहिजे. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा दाखला आम्ही अनेक व्याख्यानांतून दिला होता. आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूच्या काही भागांतील करड्या द्रव्याची घनता वाढते, असे आम्ही सांगत असू. मूळ निबंध मात्र आम्ही वाचलेला नव्हता. आम्ही वाचली होती ती वृत्तपत्रातील बातमी. पाली गाथेतील एका पाठभेदासाठी चार आवृत्त्या उघडून पाहणाऱ्या अभ्यासकाने मानवी आरोग्याविषयीचे विधान बातमीवर विसंबून करावे, यात केवढी विसंगती आहे! अशाच एका व्याख्यानानंतर एका वयस्क उपासकांनी आम्हांस थांबवून विचारले, "सर, मग ध्यान सुरू केल्यावर बी.पी.ची गोळी सोडली तर चालेल ना?" त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

या लेखात ध्यान व आरोग्य या विषयावरील काही प्रमुख संशोधनांची रचना आम्ही तपासणार आहोत. निष्कर्ष काय निघाला, याहून तो कोणत्या रीतीने काढला गेला, याकडे आमचे लक्ष राहील.

बरे वाटले, म्हणजे काय सिद्ध झाले?

आधुनिक वैद्यकात ध्यानाचा शिरकाव ज्या प्रयत्नाने झाला तो जॉन कबात-झिन यांचा. १९७९ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणनिवारणाचे एक केंद्र सुरू केले. तेथे आठ आठवड्यांचा जो अभ्यासक्रम तयार झाला तो आज 'माइंडफुलनेस' या नावाने जगभर ओळखला जातो. पालीतील 'सति' या शब्दाचे ते इंग्रजी रूपांतर. १९८२ साली कबात-झिन यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला. दीर्घकाळ वेदनांनी त्रस्त असलेले आणि नेहमीच्या उपचारांनी सुधारणा न झालेले ५१ रुग्ण त्यांनी घेतले. दहा आठवड्यांनंतर त्यांतील ६५ टक्के रुग्णांच्या वेदनेचे मोजमाप एक तृतीयांशाने किंवा त्याहून अधिक घटलेले आढळले.

आकडा प्रभावी आहे. परंतु या पाहणीत ध्यान न करणाऱ्या रुग्णांचा गट नव्हता. त्यामुळे ही घट ध्यानानेच झाली, असे या निबंधावरून म्हणता येत नाही. वेदना नेहमी एकाच पातळीवर राहत नाही. ती चढते आणि उतरते. मनुष्य केंद्राची पायरी चढतो तो बहुधा ती चढलेली असताना. त्यानंतर काहीही केले किंवा काहीही न केले, तरी पुष्कळांची वेदना काही अंशी उतरणारच. शिवाय आपल्यासाठी कोणी वेळ देत आहे, आपले ऐकून घेत आहे, आपल्यासारखेच इतर सोबत बसले आहेत, याचाही परिणाम होतो. आणि ज्याने इतके आठवडे कष्ट घेतले त्याला 'काही फरक पडला का?' असे विचारल्यास 'नाही' म्हणणे जड जाते. इतकी कारणे समोर असताना त्यांतील एकच निवडणे म्हणजे पुरावा देणे नव्हे.

पाली वाङ्मयाच्या वाचकास ही विचारपद्धती परकी वाटू नये. संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाशी तथागतांचा संवाद आहे. मनुष्य जे काही सुखदुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ, या मताविषयी तो विचारतो. तथागत ते मत अमान्य करतात आणि वेदनेची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूंतील पालट, देहाची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी ती आहेत. एका परिणामाला अनेक कारणे असू शकतात, म्हणून आवडत्या कारणाकडे धाव घेऊ नये, ही शिस्त या सुत्तात स्पष्ट दिसते. सर्व दुःख पूर्वकर्मावर टाकण्याच्या मताने आपल्या समाजाचे काय झाले, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. मग सर्व सुधारणा ध्यानाच्या खात्यावर टाकतानाही आपण तितकेच सावध असले पाहिजे.

तुलनेचा गट आणि चिठ्ठीची वाटणी

अनेक कारणांतून एक कारण वेगळे कसे काढावयाचे? यासाठी वैद्यकशास्त्राने जी रीत सिद्ध केली तिचे गाजलेले उदाहरण १९४८ सालचे आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेतली. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांनी ठरविले नाही. ते बंद पाकिटांतील यादृच्छिक क्रमाने ठरले. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. वाटणी डॉक्टरांच्या हाती असती, तर सशक्त रुग्ण एका गटात आणि अशक्त दुसऱ्यात गेले नाहीत, याची खात्री कोणी दिली असती? चिठ्ठीने वाटणी करण्याचे मर्म हेच की, माहीत असलेले आणि माहीत नसलेले दोन्ही प्रकारचे भेद दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटले जातात.

ही रीत श्रीमंत देशांची चैन आहे, असा समज होऊ नये. १९५६ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने याच पद्धतीने एक अत्यंत मोलाचा प्रश्न सोडविला. दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर राहणाऱ्या गरीब रुग्णाने घरी राहून औषधे घेतली, तर तो आरोग्यधामातील रुग्णाइतका बरा होतो काय, असा तो प्रश्न होता. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचा उपचार आरोग्यधामातील उपचारांच्या तोडीस उतरला, आणि घरातील माणसांना होणारा संसर्गही त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. आरोग्यधामाचा खर्च ज्यांच्या आवाक्याबाहेर होता अशा असंख्य रुग्णांस या एका चाचणीने मार्ग मोकळा झाला. काटेकोर संशोधन हे गरिबांच्या बाजूने उभे राहू शकते. भोंगळ संशोधनाची किंमत मात्र प्रथम गरिबांनाच मोजावी लागते.

मेंदूविषयीच्या दाव्याची कथा

आता आमच्या चुकीकडे वळू. २०११ च्या त्या संशोधनात आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम करणारे १६ जण होते आणि तुलनेसाठी १७ जण. सोळा आणि सतरा! शिवाय वाटणी चिठ्ठीने झालेली नव्हती. ज्यांनी अभ्यासक्रमात आधीच नाव घातले होते ते एका गटात, आणि जे प्रतीक्षेत होते ते दुसऱ्यात. संशोधकांनी हे लपविले नव्हते. निबंधात ते नमूद आहे. ते गळाले बातमीत, आणि बातमीवरून आमच्या व्याख्यानात.

२०२२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी याच प्रश्नाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. या वेळी ध्यानाचा पूर्वानुभव नसलेल्या २१८ जणांची माहिती होती, आणि त्यांची वाटणी चिठ्ठीच्या तत्त्वाने तीन गटांत झालेली होती. एका गटाने ध्यानाचा अभ्यासक्रम केला. दुसऱ्याने तितकाच वेळ व्यायाम, संगीत, आहारविचार इत्यादींचा अभ्यासक्रम केला. त्यात ध्यान तेवढे नव्हते. तिसरा गट प्रतीक्षेत राहिला. मेंदूच्या रचनेत ध्यानामुळे इतर दोन गटांहून वेगळा बदल झाल्याचे आढळले नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, दुसऱ्या गटाची योजना. ध्यानवर्गात जे मिळते त्यातून ध्यान वजा करून उरलेले सर्व दुसऱ्या गटास देणे, ही तुलना न्याय्य होय. ध्यानाची तुलना नुसत्या प्रतीक्षेशी केल्यास जो फरक दिसतो, त्यातील किती वाटा ध्यानाचा आणि किती सोबतीचा, हे कळत नाही. दुसरी गोष्ट, हे संशोधन ज्या केंद्रातून झाले ते ध्यानाचे विरोधक नव्हे, तर ध्यानाच्या शास्त्रीय अभ्यासासाठीच नावाजलेले केंद्र आहे. आपल्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी दडपला नाही. एखाद्या संशोधकाच्या विश्वासार्हतेचा याहून चांगला दाखला कोणता असू शकेल?

सर्व चाचण्या एकत्र पाहिल्या असता

एका चाचणीवरून मत बनवू नये, तर सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा पाहावा. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मंडळींनी असा आढावा प्रसिद्ध केला. १८,७५३ नोंदी चाळून त्यांनी केवळ ४७ चाचण्या स्वीकारल्या. त्यांत एकूण ३,५१५ सहभागी होते. ज्यांत दुसऱ्या गटासही तोलामोलाचे काही दिले होते अशाच चाचण्या त्यांनी विचारात घेतल्या. त्यांचा निष्कर्ष असा : चिंता, खिन्नता आणि वेदना यांबाबत माइंडफुलनेस ध्यानाचा लहान ते मध्यम प्रमाणात उपयोग होतो, यास मध्यम प्रतीचा पुरावा आहे. मानसिक ताणाबाबतचा पुरावा कमकुवत आहे. झोप, वजन, व्यसन, एकाग्रता यांबाबत उपयोग होत नसल्याचा क्षीण पुरावा आहे किंवा पुरावाच अपुरा आहे. आणि औषधे, व्यायाम किंवा अन्य मानसोपचार यांहून ध्यान सरस आहे, असे कोठेही आढळले नाही.

या आढाव्याचा अनुवाद 'ध्यान निरुपयोगी ठरले' असा करणे हेही बातमीदारीच ठरेल. लहान लाभ हा लाभच असतो. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांची चिठ्ठीने वाटणी करून काहींना ध्यानाचा अभ्यासक्रम, तर काहींना एस्सिटॅलोप्राम हे औषध देण्यात आले. ध्यान औषधाहून कमी ठरले नाही, आणि अनुचित परिणामांच्या तक्रारीही औषधगटातच पुष्कळ अधिक होत्या. मात्र आपण ध्यान करीत आहोत की गोळी घेत आहोत, हे रुग्णांपासून लपविणे शक्यच नव्हते. लपविले गेले ते केवळ तपासणाऱ्यांपासून. तसेच, ज्यांत कोणताही उपचार नाही असा तिसरा गट तेथे नव्हता. सबब 'तोडीचे' हा शब्द वापरावा, 'श्रेष्ठ' हा वापरू नये. ध्यानाची बाजू घेणाऱ्यानेही एवढी मर्यादा पाळली, तरच त्याच्या शब्दाला वजन राहील.

जे छापले गेले नाही

संशोधनाच्या वाचकाने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. जे छापून आले ते आपण वाचतो. जे छापले गेले नाही त्याचे काय? २०१६ साली एका अभ्यासगटाने माइंडफुलनेसवरील १२४ चाचण्यांचे निबंध तपासले. त्यांतील १०९ निबंधांनी, म्हणजे सुमारे ८८ टक्क्यांनी, यश मिळाल्याचे सांगितले होते. परंतु या चाचण्यांतील सहभागींची संख्या पाहता जेवढ्या चाचण्यांना यश येणे संभवनीय होते, त्याच्या हे प्रमाण सुमारे १.६ पट होते. अपयशी चाचण्या फडताळात राहिल्या असाव्यात किंवा अनेक मोजमापांतून अनुकूल तेवढेच पुढे आणले गेले असावे, अशी शंका यातून उत्पन्न होते. यावर उपाय म्हणजे चाचणी सुरू होण्यापूर्वीच ती जाहीरपणे नोंदवून काय मोजणार हे सांगणे. बाण लागल्यावर त्याभोवती वर्तुळ काढणाऱ्यास धनुर्धर म्हणत नाहीत.

या बाबतीत त्रिपिटकाचे संकलक आपल्याहून प्रामाणिक होते, असे आमचे नम्र मत आहे. अंगुत्तरनिकायातील गिरिमानन्दसुत्ताचा हवाला वारंवार दिला जातो. दहा सञ्ञांचे श्रवण करताच आयुष्मान गिरिमानंदांची व्याधी शमली, असे तेथे सांगितले आहे. परंतु त्याच परंपरेने अस्सजिसुत्तही जतन केले आहे. संयुत्तनिकायातील हे सुत्त सांगते की, आयुष्मान अस्सजींची व्याधी वाढत गेली आणि पूर्वी साधणारी समाधीही त्यांना साधेनाशी झाली. तथागत त्यांच्या भेटीस गेले. त्यांनी अनित्यतेचा उपदेश केला. रोग बरा होईल असे वचन दिले नाही. स्वतः तथागतांच्या पाठदुखीचा उल्लेखही सुत्तांत आढळतो. संकलकांनी अस्सजींची कथा गाळली असती, तर आपल्या हाती केवळ गिरिमानंद राहिले असते. आपण आज नेमके तेच गाळणे करतो : गिरिमानंद सांगतो, अस्सजी सांगत नाही.

जे हजर नाहीत त्यांची मोजणी

अमेरिकेत सिॲटल येथील एका कारागृहात विपश्यना शिबिरांचा परिणाम तपासणारे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. सुटकेनंतर शिबिरार्थींमधील दारू व अमली पदार्थांचे सेवन तुलनेने घटल्याचे त्यात नमूद होते. विषय महत्त्वाचा, हेतू स्तुत्य. तथापि शिबिरास जाणारे बंदी स्वेच्छेने गेले होते; चिठ्ठीने नव्हे. ज्याला सुटावयाचे आहे तोच शिबिरास जातो, ही शक्यता त्यामुळे उरते. शिवाय सुरुवातीस असलेल्यांपैकी पुष्कळ जण तीन महिन्यांनंतर गाठताच आले नाहीत. जो पुन्हा व्यसनाकडे वळला तो भेटावयास येईल काय? गळालेल्यांची दखल न घेता उरलेल्यांची सरासरी काढणे, ही फसगतीची सर्वांत सोपी वाट आहे.

गळालेल्यांत ज्यांना अपाय झाला तेही असतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने ध्यानाच्या अनुचित परिणामांवरील ८३ अभ्यास एकत्र केले; त्यांत ध्यान करणाऱ्यांची संख्या ६,७०३ होती. चिंता, खिन्नता यांसारखे परिणाम सुमारे ८.३ टक्के लोकांत आढळले. त्यातही नियोजित चाचण्यांत हे प्रमाण ३.७ टक्के, तर निरीक्षणात्मक अभ्यासांत ३३.२ टक्के होते. एवढी तफावत का असावी? निरीक्षणात्मक अभ्यास अनेकदा अपायाचा शोध घेण्यासाठीच हाती घेतले जातात, म्हणून त्यांचा आकडा वर जातो. चाचण्यांत अपायाची विचारपूसच पुष्कळदा होत नाही, म्हणून त्यांचा खाली येतो. सत्य बहुधा या दोहोंच्या मध्ये असावे. म्हणून 'अपाय आढळला नाही' हे वाक्य वाचताना 'शोधला होता काय?' असे विचारणे प्राप्त आहे.

'ध्यानाने अपाय होणे शक्यच नाही' असे म्हणणाऱ्यांनी विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिकाची निदानकथा अवश्य वाचावी. हीच घटना संयुत्तनिकायातील आनापानसंयुत्तातही आली आहे. वेसालीस तथागतांनी अशुभभावनेचा उपदेश केला आणि ते अर्धा महिना एकांतात गेले. त्या काळात त्या भावनेचा अभ्यास करणाऱ्या अनेक भिक्खूंना देहाचा पराकोटीचा तिटकारा येऊन त्यांनी प्राण गमावले. एकांतातून बाहेर येताच तथागतांच्या नजरेस संघ विरळ झालेला आला. त्यांनी आनंदांकडे कारणाची चौकशी केली आणि उरलेल्या भिक्खूंना एकत्र करून आनापानसतीचा उपदेश केला. अट्ठकथाकारांनी या प्रसंगाचा पूर्वकर्माच्या आधारे जो खुलासा केला आहे तो बाजूस ठेवून मूळ कथा वाचली, तर तीत आम्हांस एक थोर शिस्त दिसते. तथागतांनी समोर बसलेल्यांची प्रगती विचारली नाही. जे समोर नाहीत ते कोठे गेले, हे त्यांनी विचारले. आणि उत्तर मिळताच साधनापद्धतीत बदल केला. आजच्या किती शिबिरांत अर्ध्यातून उठून गेलेल्यांची अशी विचारपूस होते?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, धम्म हा ज्याने त्याने स्वतः अनुभवावयाचा आहे. त्याला चिठ्ठ्यांची आणि आकड्यांची गरज काय? कालामसुत्ताचा आधारही यासाठी घेतला जातो. आम्हांस वाटते की, या सुत्तावर येथे अन्याय होतो. केसमुत्तीच्या कालामांना तथागतांनी विश्वासाचे जे दहा आधार अपुरे म्हणून सांगितले, त्यांत परंपरा व ग्रंथ यांच्या जोडीस केवळ तर्क, आपल्या मताशी जुळणे आणि 'हे आमचे गुरू आहेत' ही भावनाही आहे. 'मला पटले' एवढ्याने भागते, असे हे सुत्त म्हणत नाही. शिवाय त्याचा विषय लोभ, द्वेष व मोह यांपासून होणारे अहित हा आहे. माझा क्रोध कमी झाला की नाही, हे मी स्वतः जाणू शकतो. माझा रक्तदाब ध्यानाने उतरला की ऋतू पालटल्याने, हे मात्र मी डोळे मिटून जाणू शकत नाही. जे प्रश्न अनुभवाने सुटतात ते अनुभवाने सोडवावेत. जे मोजणीने सुटतात ते मोजणीने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शील व प्रज्ञा यांपासून तोडलेली आठ आठवड्यांची सति ही सम्मासति नव्हे; मग तिच्या यशापयशावरून धम्माचा निवाडा कसा करता येईल? हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर घेतलेली एक मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. शाळेत दिलेले माइंडफुलनेसचे पाठ नेहमीच्या शिक्षणाहून अधिक उपकारक ठरले नाहीत, असे तीत आढळले. त्यावरून अष्टांगिक मार्ग फोल ठरतो काय? मुळीच नाही. परंतु हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू होतो. अशा अभ्यासक्रमाच्या अपयशाने धम्म खोटा ठरत नसेल, तर त्याच्या यशाने धम्म सिद्धही होत नाही. यश आले की 'आमचा धम्म' आणि अपयश आले की 'तो आमचा नव्हेच', असे म्हणणे बुद्धिवादी अनुयायास शोभत नाही.

धम्माचे मूल्य मुळात रक्तदाबाच्या आकड्यावर अवलंबून नाही. विपश्यनाचार्य गोयंकाजी अर्धशिशीने त्रस्त होऊन ऊ बा खिन यांच्याकडे गेले असता, डोकेदुखी घालविण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असे त्यांना प्रथम सांगण्यात आले होते; हे गोयंकाजी स्वतःच सांगत असत. सल्लत्थसुत्तातील दोन बाणांचा दृष्टांत आपणांस परिचित आहे. देहाची वेदना हा पहिला बाण, तिच्यामुळे मनाने केलेला आक्रोश हा दुसरा. अशिक्षित पृथग्जनास दोन्ही लागतात, आर्यश्रावकास पहिलाच लागतो. पहिला बाण लागणार नाही, असे आश्वासन सुत्तात कोठेही नाही. तो काढण्यासाठी जीवक होता, भेसज्जक्खन्धकात अनुमत केलेली औषधे होती, आणि स्वतः तथागतांनी जीवकाचे उपचार घेतले होते. मधुमेहाने दीर्घकाळ त्रस्त असलेले बाबासाहेबही डॉक्टरांचे उपचार घेतच होते.

आणखी एक उणीव या संशोधनांत आम्हांस जाणवते. पाश्चात्त्य चाचण्यांतील सहभागी बहुतांशी सुशिक्षित आणि सुस्थित असतात. त्यांच्यावरून निघालेला निष्कर्ष ठेकेदाराच्या हाताखाली गटारात उतरणाऱ्या कामगारास किंवा गायरान जमिनीसाठी झगडणाऱ्या भूमिहीनास जसाच्या तसा लागू होतो, असे मानण्यास आधार नाही. त्याहून महत्त्वाचे हे की, ताण हा व्यक्तीच्या मनातच उत्पन्न होतो असे गृहीत धरणारे संशोधन तो मनातच मोजते आणि मनातच उपचार शोधते. मोळियसीवकास सांगितलेल्या आठ कारणांत बाहेरून झालेला आघातही होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाच्या सामाजिक कारणांवर जो भर दिला, तो या दृष्टीने पाहावा. ज्या आघातास अन्याय कारणीभूत आहे, त्यावर केवळ श्वासाकडे लक्ष देण्याचा उपाय सांगणे हे चुकीचे निदान होय.

उपसंहार

त्या उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली उपलब्ध संशोधन तपासून असे मत दिले की, हृदयविकाराचा धोका कमी करण्यास ध्यानाचा काही उपयोग संभवतो, परंतु पुराव्याची संख्या व प्रत दोन्ही माफक आहेत; ध्यान करावयाचे ते प्रस्थापित उपचारांच्या जोडीला, त्यांच्या बदली नव्हे. म्हणून, बाबा, गोळी सोडू नका. ध्यान अवश्य करा; मन शांत होत असेल तर तो लाभ तुमचाच आहे. गोळी कमी करावयाची की नाही, हे रक्तदाब मोजून डॉक्टर ठरवतील.

आणि विहारातील वक्त्यांस, ज्यांत आम्हीही आलो, एक विनंती. 'विज्ञानाने सिद्ध केले' हे शब्द उच्चारण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात : तुलना कशाशी केली, वाटणी कोणी केली, काय मोजणार हे आधी सांगितले होते काय, गळालेल्यांचे काय झाले, आणि अपाय शोधला होता काय. उत्तरे माहीत नसतील तर ते वाक्य गाळावे. प्रवचन त्याने उणे होणार नाही. आम्ही आमच्या जुन्या टिपणवहीतील ते पान काढून टाकलेले नाही. त्यावर आडवी रेघ मारून खाली २०२२ चा निष्कर्ष लिहिला आहे, आणि पुढील वर्षावासात पहिल्याच प्रवचनात तो वाचून दाखविणार आहोत.